बेकन, अंडी आणि सासऱ्यांचं नाक

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणावरही पूर्ण विश्वास टाकलेला नाही. दूधवाल्यावर नाही, हवामान खात्यावर नाही, पोटच्या मुलावर नाही आणि स्वतःवर तर मुळीच नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, जिना उतरून खाली येतात, परत वर जाऊन ओढून बघतात, आणि मग आपण नीट ओढलं की नाही अशी शंका येऊन माझ्या नवऱ्याला वर पाठवतात. तो खाली आला की त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत विचारतात, "खरंच वरपर्यंत गेला होतास, की पहिल्या मजल्यावरूनच परत आलास?" रस्त्यात ओळखीचं कुणी हसलं तर पुढचा चौक येईपर्यंत ते गप्प असतात. मग हळूच म्हणतात, "हा का हसला असेल?" या सगळ्याला अपवाद एकच होता, तो म्हणजे त्यांचं नाक. डोळे फसतात, कान फसतात, छापील कागद तर फसवायलाच काढलेला असतो, पण नाक फसत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

नोकरीभर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. तिथं नक्की काय तपासायचे हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी विचारलं की आधी उघड्या खिडकीकडे बघतात आणि मग म्हणतात, "सामान." सासूबाईंचं म्हणणं असं की, ज्या माणसाला रोज सकाळी 'यात काहीतरी गडबड आहे असं धरूनच चाल' असं सांगून कामाला जुंपलं, त्याने संध्याकाळी घरी येऊन भाजीवालीशी मोकळेपणाने वागावं ही अपेक्षाच चुकीची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या स्वतःच तपासणीत होत्या. पास कधी झाल्या ते त्यांनाही कळलं नाही. तसं लेखी काही मिळत नाही.

मला बघायला ही मंडळी सदाशिव पेठेत आमच्या घरी आली, तेव्हा सासऱ्यांनी पोह्यांची बशी आधी नाकाशी नेली, मग खाली ठेवली आणि माझ्या वडिलांना विचारलं, "मुलगी शिकलेली आहे, नोकरी आहे, दिसायला बरी आहे. मग अजून लग्न का झालं नाही?" माझे वडील शांतपणे म्हणाले, "आपल्या मुलाचं तरी कुठं झालंय?" खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता हे उठून जाणार असं आईला वाटलं. पण सासऱ्यांनी बशी परत उचलली, पोहे संपवले आणि घरी गेल्यावर होकार कळवला. पुढे मी त्यांना एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तुझे वडील गोड बोलले नाहीत. जो गोड बोलत नाही त्याच्याकडे लपवायला कमी असतं."

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी मला एका अनोळखी वासाने जाग आली. धुराचा म्हणावा तर धुराचा नाही, तुपाचा म्हणावा तर तुपाचा नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले तर सासरे बिडाच्या तव्यावर वाकून उभे, आणि तव्यावर लालसर-पांढऱ्या पट्ट्या चुरचुरत होत्या. माझ्या माहेरी अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. मी नकळत ओढणी नाकाला लावली. त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "बेकन आहे. डुकराचं. चक्कर येणार असेल तर आधी बाहेर जाऊन बस." मला चक्कर आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माहेरी सांगितलंस का, आमच्याकडे काय शिजतं ते?" मी म्हटलं, "नाही." त्यावर ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "का नाही सांगितलंस? लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

हा रविवारचा नाश्ता त्यांना तरुणपणी खात्यातल्या एका वयस्कर ख्रिस्ती साहेबांनी लावला होता. साहेब खडकीतच एकटे राहायचे आणि त्यांनी नव्याने लागलेल्या या मुलाला एका रविवारी घरी बोलावलं. "फुकट कोण कुणाला खायला घालतं?" सासरे सांगतात. "मला वाटलं, हा माझ्याकडून काहीतरी काढून घेणार. मी पहिला घास खाल्ला आणि वाट बघत बसलो. तो काही बोलेना. पुढच्या रविवारी परत बोलावलं. अशी वर्षं गेली. शेवटी तो रिटायर होऊन मुलीकडे निघाला, जाताना हा तवा माझ्या हातात दिला, तेव्हा कुठं माझी खात्री पटली की त्याला काही नको होतं." एवढं सांगून झालं की ते थोडा वेळ थांबतात आणि म्हणतात, "बहुतेक."

तेव्हापासून दर रविवारी तो तवा चढतो. पण त्याची तयारी शनिवारीच सुरू होते. कॅम्पातल्या एका दुकानात जाऊन ते बेकनचा आख्खा तुकडा समोर मागतात, तो उलटासुलटा करून हुंगतात आणि त्यातून आपल्या डोळ्यांदेखत पट्ट्या कापून घेतात. कापलेलं आणि पाकिटात घातलेलं बेकन म्हणजे त्यांच्या लेखी तोंडावर रुमाल बांधून आलेला माणूस. एकदा त्यांनी डुक्कर कुठून येतं, काय खातं, कुणाच्या देखरेखीखाली असतं अशी इतकी चौकशी केली, की दुकानदार म्हणाला, "काका, डुकराचं आधार कार्ड निघत नाही. निघालं की तुम्हालाच पहिलं दाखवतो." सासऱ्यांना ते मनापासून पटलं. घरी येऊन म्हणाले, "माणूस वैतागला. म्हणजे माल खरा आहे."

अंडी ते खडकी बाजारातल्या एका चाचांकडून आणतात. चाचांचे वडीलही त्याच दुकानात अंडी विकत. सासरे प्रत्येक अंडं दिव्यासमोर धरून बघतात, आणि चाचा तेवढ्या वेळात बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणतात, "साहेबांचं चालू द्या. अंड्यांनाही जरा धाक पाहिजे." घरी आणून ती परत पाण्यात सोडली जातात, तळाशी आडवं बसेल ते पास, उभं राहील ते संशयित, तरंगेल ते थेट बाहेर. त्यानंतरही प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडून, हुंगून मगच भांड्यात जातं. भुर्जीचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. "अंड्यात कांदा, मिरची, हळद, कोथिंबीर कशाला घालतात माहितेय?" त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "चवीला." ते म्हणाले, "पुरावा नष्ट करायला."

बेकन ते कधीही तापलेल्या तव्यावर टाकत नाहीत. थंड तव्यावर पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि मग खाली बारीक आच लावायची. "एकदम चटका दिला की ते अंग आखडून घेतं आणि सगळं आत दडवतं," ते सांगतात. "हळूहळू ऊब दिली की आपणहून सगळं बाहेर सोडतं. चौकशी अशीच करायची असते." सुटलेल्या चरबीत मग फेटलेली अंडी ओततात आणि उलथण्याने तळापासून सावकाश सारत राहतात. या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. बोलणारा आपलं लक्ष मुद्दाम दुसरीकडे वळवतोय असं त्यांना वाटतं. अंडी अजून ओलसर असतानाच गॅस बंद होतो, कारण तव्यात राहिलेल्या उष्णतेवर ती पुढे शिजतात, फक्त त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. सासूबाई अंडी-मासे खातात पण डुक्कर नाही, म्हणून तवा चढला की त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जातात आणि चार कपड्यांना भरपूर वेळ लावतात. मी दोन्ही खात नाही. मी दाराशी चहा घेत उभी असायचे. पहिल्यांदा उत्सुकतेने, मग सवयीने, आणि पुढे पुढे त्या वासाशिवाय रविवार लागलाय असं वाटेना म्हणून.

मग एका हिवाळ्यात घरात सगळ्यांना ताप येऊन गेला. सासऱ्यांचा जरा जास्त दिवस राहिला. बरे झाल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी तवा चढवला, पट्ट्या ठेवल्या आणि वाकून उभे राहिले. बराच वेळ ते तसेच उभे होते. पट्ट्या काळपट व्हायला लागल्या तेव्हा मीच पुढे होऊन गॅस बंद केला. "माल बदललाय," ते म्हणाले. "याला वासच नाही." दुसऱ्या दिवशी ते कॅम्पात जाऊन भांडून आले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून आणलं, तेही तसंच. मग सासूबाईंनी तवा साबणाने घासला असा आरोप झाला. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या तव्याला मी चिमट्यानेसुद्धा शिवत नाही." तपास असा एकेकाला वगळत पुढे सरकत होता, आणि घरात माणसं तरी कितीशी.

त्या रविवारी आम्ही टेबलाशी बसलो होतो. सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "शनिवारी रात्री फ्रिजमधून काढून हे धुतेस का तू?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "काय धुते?"

"बेकन. पाण्यात भिजवलं की वास जातो. तुला इतकी वर्षं त्रास होत असेल, मी समजू शकतो. पण सरळ सांगायचं."

माझा नवरा म्हणाला, "बाबा, काहीतरी काय बोलता?" पण ते माझ्याकडेच बघत होते, सामान तपासावं तसे. त्यांनी कितीही जणांवर संशय घेतला तरी मला कधी काही वाटलं नव्हतं. त्यात एक गंमत होती. त्या दिवशी ती गंमत संपली. मी उठून आत गेले, आणि पुढच्या रविवारपासून सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. नवऱ्याचं ऑफिस शहराच्या पूर्वेला, रोजच्या जाण्यायेण्यात तो थकून जायचा. त्याच बाजूला, मांजरी गावात उसाच्या शेतांच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या, तिथं घर बघावं असं आमच्या मनात अधूनमधून यायचं. मी म्हटलं, "आता बघूयाच." आम्ही बघितलं आणि ठरवूनही टाकलं. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे हे आधीपासून चाललं होतं." त्या संध्याकाळी सासूबाईंनी भाकरी करताना कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी ऑफिसातून दुपारीच घरी आले. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या. बेलकडे हात नेला आणि तसाच थांबवला, कारण दाराच्या फटीतून गॅसचा वास येत होता. मी दारावर थापा मारल्या. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "कोण?"

"मी आहे, बाबा. दार उघडा."

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून त्यांचा एक डोळा दिसला आणि वासाचा लोट अंगावर आला. "आज लवकर कशी?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुमच्या हातात काय आहे?"

"लायटर. चहा ठेवत होतो. का?"

"तो दाबू नका. खाली ठेवा. घरात गॅस पसरलाय."

"मला तर काही वास येत नाहीये," ते म्हणाले. नेहमीच्याच सुरात, समोरच्याला खोटं पाडायच्या तयारीने. आणि मग ते थांबले. फटीतला तो डोळा माझ्यावरून हलला आणि कुठेच बघेनासा झाला. लायटर हळूच जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. साखळी निघाली. त्यांनी कुठलाही दुसरा प्रश्न विचारला नाही.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण चालूच राहिलं होतं. मी ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांना घेऊन बाहेर जिन्यात येऊन बसले. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी येत होती. ते म्हणाले, "कारखान्यात मी दारात उभा राहून सांगायचो, आत काय सांडलंय ते." मग ते म्हणाले, "तू बेकन धुतलं नव्हतंस."

"नाही," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माफीचा शब्द कुणी कधी ऐकलेला नाही, पण त्या 'हं'ला एरवीपेक्षा बराच वेळ लागला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तापानंतर असं होतं, वास परत येईलही, कदाचित नाहीही येणार. "म्हणजे त्याला काही माहीत नाही," सासरे बाहेर येऊन म्हणाले, पण त्यात नेहमीची मजा नव्हती. तवा ओट्याखाली गेला. रविवारी सकाळी ते बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. सासूबाईंना वाळत घालायला कपडे असायचे, पण त्या दोन मिनिटांत खाली यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "इतकी वर्षं नको नको म्हटलं त्या वासाला. आता रविवारी घरात काही चुकल्यासारखं होतं बघ."

पुढच्या रविवारी मीच तवा काढून शेगडीवर ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही करा, बाबा. वास मी सांगते."

"तुला काय कळणार? तू खात नाहीस."

"खात नाही. पण इतकी वर्षं घेतेय की."

हे त्यांनी अर्थातच तपासल्याशिवाय मान्य केलं नाही. मला खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक वाटी धरली. ताजं तेल, कालचं तेल, जिरं, ओवा, आंबायला लागलेलं ताक. सगळं बरोबर आलं, तेव्हा मी पापण्यांच्या फटीतून बघत असणार अशी शंका येऊन त्यांनी डोळ्यांवर पंचा बांधला आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी पंचा सोडत म्हणाले, "कामचलाऊ आहे."

मग आमचं सुरू झालं. ते वाकून उभे, हातात उलथणं. मी शेजारी, चहाचा कप हातात. "आता?" ते विचारायचे. मी सांगायचे. आधी नुसता ओल्या लाकडाच्या धुरासारखा. मग होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात असतो तसा. "नीट सांग," ते म्हणायचे, "असतो तसा म्हणजे कसा?" बेकनला माझ्याकडे शब्दच नव्हते, माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातूनच ते आणावे लागायचे. एकदा मी म्हटलं, "तूप कढवताना बेरी लाल व्हायला लागते ना, त्याच्या अगदी आधी जो वास येतो, तो आला बघा." ते एकदम ताठ झाले. "हाच," ते म्हणाले, आणि पट्टी उलटली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ताट साफ केलं. चव त्यांना किती लागली ठाऊक नाही.

मांजरीचं घर मात्र तयार झालंच. आता जायला नको असं मला वाटत होतं, पण सासरे स्वतः बघायला आले. भिंती टकटक वाजवून पाहिल्या, सगळे नळ एकदम सोडले, लिफ्टमध्ये चढायच्या आधी तिच्या डोक्यावरची पाटी दोनदा वाचली. मग गॅलरीत उभे राहून बराच वेळ उसाकडे बघत राहिले. "बिल्डर भामटा आहे," ते म्हणाले, "पण पोराचं ऑफिस जवळ पडेल. राहा तुम्ही." आणि खाली उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी सकाळी नाक घेऊन येत जा."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही मुंढव्याच्या पुलावरून शहर आडवं कापत खडकीला येतो. नवरा स्कूटर चालवताना कुरकुरतो, पण येतो. गेल्या काही महिन्यांपासून मात्र मला एक वेगळाच संशय यायला लागलाय. एकदा मी तव्याजवळ उभी असताना आईचा फोन आला, मी बोलत बाहेर गेले, आणि परत येऊन बघते तर पट्ट्या बरोबर वेळेवर उलटलेल्या. दुसऱ्यांदा सासूबाई भांडी लावता लावता म्हणाल्या, "मंगळवारी फोडणी करपत होती, तर आतल्या खोलीतून ओरडले." मी त्यांच्याकडे बघितलं. त्या ताटं पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी काही विचारलं नाही हं त्यांना."

मीही विचारलं नाही. पण इतकी वर्षं ज्यांच्या घरात काढली त्यांचा गुण लागतोच. मागच्या रविवारी ते तव्यावर वाकून उभे होते, मी शेजारी. बेरीचा वास आला. "आता?" त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं.

वास गडद झाला. पट्ट्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या. उलथणं धरलेला त्यांचा हात तव्याकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, मी कपात बघत होते. "आता?" त्यांनी परत विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"हो, आता," मी म्हटलं.

नवऱ्याने ताटातली पट्टी काट्यावर उचलून धरली. "बाबा, हे जळलंय."

"तुला काय कळतंय," सासरे म्हणाले, आणि त्याच्या ताटातलीही उचलून स्वतःच्या ताटात घेतली. "ती शेजारी उभी होती. तिने सांगितलं तेव्हाच उलटलंय मी." आणि मान खाली घालून, एकेक काळा तुकडा सावकाश चावत, त्यांनी ते सगळं संपवलं.